विसरलेला गोलरक्षक

(प्रस्तुत पाठात आर्थर व्हॉर्टन या एकोणिसाव्या शतकातील फुटबॉल खेळाडूची ओळख करून दिली आहे. व्यवसाय म्हणून फुटबॉल खेळणारा तो जगातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मानला जातो. त्याचा खेळ, त्याने उपसलेले कष्ट आणि मृत्यूनंतर सहासष्ट वर्षांनी त्याच्या कबरीवर बसवलेला दगड, यांची ही हकीकत आहे.)

शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना रंगला, की गोल करणाऱ्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. मुले त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोलरक्षकाचे तसे नसते. त्याने नऊ चेंडू अडवले, तर ते त्याचे कामच होते असे आपण म्हणतो. दहावा चेंडू सुटला, की तेवढाच आपल्या लक्षात राहतो. मित्रांनो, आज आपण अशाच एका गोलरक्षकाची माहिती करून घेणार आहोत. मात्र त्याला लोक एखाद्या सामन्यापुरते विसरले नाहीत, त्याचे सारे आयुष्यच विसरून गेले.

त्याचे नाव आर्थर व्हॉर्टन. २८ ऑक्टोबर १८६५ रोजी पश्चिम आफ्रिकेतील अक्रा शहरात, समुद्रकाठच्या जेम्सटाउन या भागात त्याचा जन्म झाला. त्या प्रदेशाला तेव्हा 'गोल्ड कोस्ट' म्हणजे 'सोन्याचा किनारा' असे म्हणत. आज तो घाना या देशाचा भाग आहे. आर्थर जन्मला तेव्हा इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती. तिने १८३७ ते १९०१ अशी त्रेसष्ट वर्षे राज्य केले. गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावर तिचा अंमल होता आणि आपल्या देशावरही होता. तिच्या नावावरून इंग्लंडच्या इतिहासातील त्या काळाला 'व्हिक्टोरियन काळ' म्हणतात.

आर्थरचे वडील हेन्री व्हॉर्टन हे मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. ते मूळचे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचे. या बेटांवर आफ्रिकी लोक कसे पोहोचले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? युरोपातील व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून लाखो माणसे पकडून गलबतांत कोंबली आणि उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी तिकडे नेऊन विकली. ब्रिटिश राज्यातील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला. हेन्री यांच्या घराण्यात आफ्रिकी रक्त होते, तसेच स्कॉटलंडचेही होते, कारण त्यांचे वडील स्कॉटिश होते. ज्या आफ्रिकेतून पूर्वजांना नेले गेले होते, तिथेच ते पुढे धर्मप्रसारासाठी परत आले. आर्थरची आई गोल्ड कोस्टमधील फांटी लोकांच्या राजघराण्याशी नाते असलेली होती. तिच्याही घराण्यात एक धागा स्कॉटलंडचा होता.

म्हणजे आर्थरच्या अंगात तीन प्रदेशांचा वारसा होता. घर सुशिक्षित होते आणि समाजात त्याला मान होता. पण पुढे इंग्लंडमध्ये त्याला पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची माहिती होती. त्यांना दिसे तो फक्त त्याच्या त्वचेचा रंग.

आर्थर लहान असतानाच वडील वारले. आपल्या मुलाने वडिलांचेच काम पुढे चालवावे, अशी घरच्यांची इच्छा होती. म्हणून त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले. १८८४ साली तो डार्लिंग्टन या गावातील क्लीव्हलंड कॉलेजात दाखल झाला. डार्लिंग्टन हे नाव रेल्वेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८२५ साली वाफेच्या इंजिनाने ओढलेली जगातील पहिली सार्वजनिक रेल्वे स्टॉक्टन आणि डार्लिंग्टन या गावांदरम्यान सुरू झाली. अशा या कामकऱ्यांच्या गावात आर्थरने धर्मशास्त्राची पुस्तके वाचावीत, अशी अपेक्षा होती. पण त्याचे मन पुस्तकांपेक्षा मैदानात अधिक रमू लागले.

तो क्रिकेट खेळे, सायकल चालवी, पण सर्वांत जास्त धावे. आणि असा धावे, की बघणारे थक्क होत.

३ जुलै १८८६ हा दिवस आर्थरच्या आयुष्यातील मोठा दिवस ठरला. लंडनमधील स्टॅम्फर्ड ब्रिज या मैदानावर इंग्लंडच्या हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. आज हे मैदान चेल्सी या फुटबॉल संघाचे म्हणून सर्वांना माहीत आहे. पण त्या वेळी चेल्सी संघ जन्मलाच नव्हता, तो १९०५ साली स्थापन झाला. तेव्हा तिथे धावण्याच्या शर्यती होत. आर्थर शंभर यार्डांच्या शर्यतीत उतरला होता. शंभर यार्ड म्हणजे सुमारे साडेएक्याण्णव मीटर. ही शर्यत त्याने बरोबर दहा सेकंदांत जिंकली. हौशी धावपटूंच्या त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी त्याने बरोबरी केली होती. विशेष म्हणजे त्याने ही वेळ एकदा नाही, त्याच दिवशी दोनदा नोंदवली, आधी प्राथमिक फेरीत आणि मग अंतिम फेरीत.

तुम्ही म्हणाल, आजचे धावपटू तर शंभर मीटरसुद्धा दहा सेकंदांच्या आत धावतात. खरे आहे. पण त्या काळाची थोडी कल्पना करा. आजच्यासारखी रबरी धावपट्टी तेव्हा नव्हती. सुरुवातीला पाय रोवण्यासाठी ठोकळे नव्हते, ते चाळीस वर्षांनंतर आले. वेळ मोजायला हातातील घड्याळ. धावपटूला नेमाने शिकवणारा शिक्षक क्वचितच मिळे. अशा परिस्थितीत वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने सगळ्या इंग्लंडला मागे टाकले. पुढच्या वर्षी, म्हणजे १८८७ सालीही, ही राष्ट्रीय स्पर्धा त्यानेच जिंकली.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. इतका वेगवान मुलगा फुटबॉलमध्ये आघाडीला का खेळला नाही? गोलखांबांमध्ये उभे राहणाऱ्याला वेग काय कामाचा? याचे उत्तर समजण्यासाठी त्या काळचा फुटबॉल कसा होता ते पाहिले पाहिजे.

आज गोलरक्षकाला फक्त गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात चेंडूला हात लावता येतो. १९१२ सालापर्यंत तसे नव्हते. गोलरक्षक आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळू शकत असे. त्यामुळे चपळ गोलरक्षक धावत पुढे जाई आणि प्रतिस्पर्ध्याच्या पायात चेंडू स्थिरावण्याआधीच तो मुठीने दूर फेकून देई. आर्थर असा ठोसा मारण्यात पटाईत होता. त्याचा ठोसा कधी कधी चेंडूऐवजी समोरच्याच्या डोक्यालाही लागे, असे त्याच्याबद्दल गमतीने म्हणत.

दुसरी गोष्ट याहून कठीण होती. आज गोलरक्षकाला कोणी मुद्दाम धक्का दिला, तर पंच लगेच शिट्टी वाजवतो. त्या काळी आघाडीचे खेळाडू गोलरक्षकाला खांद्याने जोरात धडक देऊन खाली पाडू शकत. त्याच्या हातात चेंडू नसला तरी धडक देता येई. एकजण गोलरक्षकाला आडवा करी आणि दुसरा चेंडू आत मारी. हा नियम १८९० नंतरच्या दशकात बदलला. गोलखांबांच्या मागे जाळीही नव्हती, तीही १८९१ साली आली. तोपर्यंत चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, यावरून भांडणे होत. गोलरक्षकाचा सदराही वेगळ्या रंगाचा नसे, ती पद्धत १९०९ साली सुरू झाली. तेव्हा गोलरक्षकाच्या जागी खेळणे म्हणजे धडका चुकवणे, वेळ पडल्यास त्या सोसणे आणि तरीही नजर चेंडूवरून न हलवणे. वेग, ताकद आणि धीटपणा, तिन्ही लागत. आर्थरपाशी हे तिन्ही गुण होते.

१८८५ साली तो डार्लिंग्टनच्या संघाकडून गोलरक्षक म्हणून खेळू लागला. लवकरच त्याचे नाव उत्तर इंग्लंडमध्ये पसरले. मग प्रेस्टन नॉर्थ एंड या बलाढ्य संघाने त्याला बोलावून घेतले. प्रेस्टनकडून तो एफ. ए. कप या स्पर्धेत खेळला. ही स्पर्धा १८७१ साली सुरू झाली असून ती जगातील सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा आहे. १८८७ साली प्रेस्टनचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तिथे वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या संघाने त्यांना ३-१ असे हरवले.

या काळात आर्थरचे कौतुक खूप झाले. पण त्या कौतुकात एक खडा नेहमी लागत असे. वृत्तपत्रे त्याच्या खेळाबद्दल लिहिताना त्याच्या रंगाचा उल्लेख केल्याशिवाय राहत नसत. त्याच्या नावाआधी त्याच्या वर्णावरून एक हिणकस टोपणनाव जोडले जाई. एका क्रीडा पत्रकाराने तर त्याच्या वर्णाचा संबंध थेट त्याच्या अकलेशी जोडून त्याची टर उडवली. दुसऱ्या गोलरक्षकाची चूक ही त्या एका माणसाची चूक मानली जाई. आर्थरची चूक झाली, की ती त्याच्या रंगाच्या खाती जमा होई. हा अन्याय डोळ्यांना दिसत नाही, पण सोसणाऱ्याला तो दर सामन्याला जाणवतो.

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात त्याला घ्यावे, अशीही तेव्हा चर्चा झाली होती. पण निवड समितीने त्याला कधीच बोलावले नाही.

१८८८ साली आर्थरने प्रेस्टन सोडले. नेमक्या त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बारा संघांची 'फुटबॉल लीग' सुरू झाली. १८८८-८९ च्या त्या पहिल्याच मोसमात प्रेस्टनने लीगचा एकही सामना न हरता विजेतेपद पटकावले. एफ. ए. कपही त्यांनी एकही गोल न स्वीकारता जिंकला. त्या संघाला 'अजिंक्य संघ' असे नाव पडले आणि त्याच्या खेळाडूंची नावे पुस्तकांत कायमची छापली गेली. आर्थर आणखी एक वर्ष तिथे राहिला असता, तर कदाचित त्याचेही नाव त्या यादीत वाचायला मिळाले असते.

मग त्याने काय केले? हे समजण्यासाठी 'हौशी' आणि 'व्यावसायिक' या दोन शब्दांमधील फरक नीट लक्षात घ्या. जो केवळ आवडीखातर खेळतो, खेळाचे पैसे घेत नाही, तो हौशी खेळाडू. जो खेळून आपले पोट भरतो, तो व्यावसायिक खेळाडू. आज व्यावसायिक खेळाडूचे आपल्याला कौतुक वाटते. व्हिक्टोरियन काळातील उच्चभ्रू लोकांना मात्र पैशासाठी खेळणे कमीपणाचे वाटे. ज्यांच्या घरी जमीनजुमला होता, त्यांना हौसेने खेळणे परवडे. गिरणीतील आणि खाणीतील कामगाराला तसे कसे परवडणार? शनिवारी खेळायला गेले, तर त्या दिवसाची मजुरी बुडे. म्हणून उत्तरेकडील संघ आपल्या खेळाडूंना गुपचूप पैसे देत. बऱ्याच वादानंतर १८८५ साली फुटबॉल संघटनेने पैसे घेऊन खेळण्याला परवानगी दिली.

आर्थर एका प्रतिष्ठित धर्मोपदेशकाचा मुलगा होता. त्याने प्रवचने करावीत, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मैदानात उतरून मजुरासारखे पैसे घेणे म्हणजे आपली पायरी सोडणे, असे त्याच्या वर्गातील लोक मानत. तरीही त्याने तोच मार्ग निवडला. आधी तो पैशासाठी शर्यती धावला. मग १८८९ साली रॉदरहॅम टाउन या संघाशी त्याने व्यावसायिक खेळाडू म्हणून करार केला. खेळ हेच आपले काम आहे आणि कामाचा मोबदला घेण्यात लाज नाही, हा निर्णय त्याने स्वतः घेतला. व्यवसाय म्हणून फुटबॉल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, अशी जी त्याची ओळख आज सांगितली जाते, ती या निर्णयामुळे.

रॉदरहॅम हे लोखंडाच्या कारखान्यांचे आणि कोळशाच्या खाणींचे गाव. १८९० साली तिथेच एमा लिस्टर हिच्याशी त्याचे लग्न झाले. संघाकडून मिळणारा पैसा बेताचा असे. म्हणून काही दिवस त्याने मद्यगृह चालवले. उन्हाळ्यात तो गावोगावच्या संघांकडून पैसे घेऊन क्रिकेट खेळे. त्या काळचे व्यावसायिक खेळाडू असेच दोन-दोन, तीन-तीन कामे करून संसार चालवत.

या दिवसांतील त्याच्या खेळाची एक आठवण फार मजेदार आहे. शेफिल्डच्या एका वर्तमानपत्रात १९४२ साली एका प्रेक्षकाचे पत्र छापून आले. आपण पन्नास वर्षे सामने पाहत आलो आहोत, पण आर्थरने एकदा जसा गोल वाचवला तसे दृश्य पुन्हा दिसले नाही, असे त्याने लिहिले होते. समोरून चेंडू वेगाने येत होता आणि त्याच्यामागून आघाडीचे तीन खेळाडू धावून येत होते. आर्थरने उडी मारून गोलखांबांवरची आडवी दांडी हातांनी पकडली, अधांतरी लोंबकळतच चेंडू दोन्ही पायांत धरला आणि धडक मारायला आलेले तिघे वेग न आवरल्याने थेट जाळ्यात जाऊन पडले! हे पत्र छापले गेले तेव्हा आर्थरला जाऊन अकरा वर्षे होऊन गेली होती.

१८९४ साली शेफिल्ड युनायटेड या पहिल्या श्रेणीच्या संघाने त्याला घेतले. पण तिथे विल्यम फोक नावाचा तरुण गोलरक्षकही होता. तो सहा फुटांहून उंच आणि अतिशय धिप्पाड होता. त्याच्यामुळे आर्थरला संधी क्वचितच मिळे. तरी २३ फेब्रुवारी १८९५ रोजी संडरलंडविरुद्धच्या लीग सामन्यात तो मैदानात उतरला. संडरलंडचा संघ त्या मोसमात लीगचा विजेता ठरला. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत कृष्णवर्णीय खेळाडू खेळल्याची ही पहिली नोंद आहे. तेव्हा आर्थर एकोणतीस वर्षांचा होता. पहिल्या श्रेणीतील लीगचा त्याचा तो एकमेव सामना.

पुढे तो स्टॅलीब्रिज रोव्हर्स, ॲश्टन नॉर्थ एंड अशा लहान संघांकडून खेळला. शेवटी स्टॉकपोर्ट काउंटीकडून खेळून १९०२ साली त्याने फुटबॉल थांबवला. शरीर थकले होते. दारूच्या व्यसनानेही त्याचे नुकसान केले होते. हातात शिल्लक पैसा नव्हता. आजच्या मोठ्या खेळाडूंना जाहिराती मिळतात, निवृत्त झाल्यावर काहींना शिक्षकाचे किंवा समालोचकाचे काम मिळते. त्या काळी बहुतेक खेळाडूंची मिळकत शेवटच्या सामन्याबरोबर थांबे.

मग शंभर यार्ड दहा सेकंदांत धावणारा हा माणूस कोळशाच्या खाणीत उतरला. डॉनकास्टर शहराजवळच्या एडलिंग्टन गावात यॉर्कशायर मेन नावाची खाण होती. तिथे तो वाहतूक विभागात मजूर म्हणून राबू लागला. जमिनीखाली खोल अंधारात कोळसा फोडला जातो. तो छोट्या डब्यांत भरून रुळांवरून उभ्या विहिरीपर्यंत आणावा लागतो. मग तो वर जातो. हे डबे जागच्या जागी नेण्या-आणण्याचे काम करणाऱ्या मजुरांपैकी आर्थर एक होता. डोक्यावर मातीचे छत, हवेत कोळशाची धूळ, पायांखाली ओल. ज्याच्या वेगाला लंडनमध्ये टाळ्या मिळाल्या होत्या, तो आता अंधाऱ्या बोगद्यांतून दिवस काढत होता. १९२६ साली मालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढवायचे ठरवले, तेव्हा इंग्लंडमधील खाणकामगारांनी मोठा लढा दिला. कित्येक महिने त्यांच्या घरांत पगार आला नाही. ती झळ एडलिंग्टनलाही लागली.

दीर्घ आजारानंतर १३ डिसेंबर १९३० रोजी आर्थर वारला. त्याचे वय पासष्ट वर्षांचे होते. एडलिंग्टनच्या दफनभूमीत त्याला पुरले गेले. त्या कबरीवर ना दगड होता, ना नाव. 'मैदान', 'मजूर' आणि 'कबर' हे तिन्ही शब्द तुम्ही घरी उर्दूतही वापरता. या तीन शब्दांत आर्थरच्या आयुष्याची सगळी कहाणी सामावली आहे.

इतका नामवंत खेळाडू लोक कसे काय विसरले? याची कारणे शोधून पाहू. एक म्हणजे खेळांचा इतिहास लिहिणारे बहुतेक वेळा विजेते संघ आणि राष्ट्रीय संघातील खेळाडू यांचीच नोंद घेतात. प्रेस्टन त्याने एक वर्ष आधी सोडले आणि राष्ट्रीय संघात त्याला घेतलेच नाही, त्यामुळे दोन्ही याद्यांत त्याचे नाव नव्हते. दुसरे कारण गरिबीचे. गरीब माणसाची कागदपत्रे कोणी जपत नाही, त्याचे चरित्र कोणी लिहीत नाही. तिसरे कारण असे, की इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय माणसे अगदी अलीकडे आली, असाच सर्वांचा समज होता. जे कधी घडलेच नाही असे आपण धरून चालतो, ते शोधायला आपण जात नाही.

शोधणारे मात्र अखेर निघाले. १९९० नंतरच्या काळात इंग्लंडमधील मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंना शिवीगाळ होणे हा मोठा प्रश्न होता. त्याविरुद्ध शेफिल्ड शहरात एक संघटना उभी राहिली. तिचे नाव 'फुटबॉल युनाइट्स, रेसिझम डिव्हाइड्स', म्हणजे 'फुटबॉल जोडतो, वंशद्वेष तोडतो'. फिल व्हासिली या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रे आणि नोंदी चाळून आर्थरच्या आयुष्याचे तुकडे जुळवले. त्या संघटनेच्या पुढाकाराने १९९७ साली एडलिंग्टनमधील त्या बिननावाच्या कबरीवर नाव कोरलेला दगड बसवण्यात आला. १९९८ साली व्हासिली यांनी लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. २००३ साली इंग्लंडच्या फुटबॉलमधील मानकऱ्यांच्या यादीत आर्थरचे नाव घालण्यात आले.

शोध सुरू झाला, की एकातून दुसरे सापडते. आर्थर हाच ब्रिटनमधील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडू, असे आधी अनेकांना वाटले होते. पण अधिक तपास केल्यावर अँड्र्यू वॉटसन याचे नाव पुढे आले. त्याचा जन्म दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानामध्ये झाला होता. वडील स्कॉटिश आणि आई गयानाची. तो हौशी खेळाडू होता. १८८१ साली लंडनमध्ये तो इंग्लंडविरुद्ध स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि तो सामना स्कॉटलंडने ६-१ असा जिंकला होता! म्हणून आता इतिहासकार नेमके शब्द वापरतात. राष्ट्रीय संघाकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू वॉटसन आणि पहिला व्यावसायिक खेळाडू व्हॉर्टन. 'पहिला' हा शब्द वापरताना किती जपावे लागते, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल. एकाचे नाव पुढे आले म्हणून दुसऱ्याचा मान कमी होत नाही. उलट हे दोघे एकटे नव्हते, हे आपल्याला कळते.

स्कॉटलंडने १८८१ साली जे केले, ते करायला इंग्लंडला फार काळ लागला. व्हिव अँडरसन हा इंग्लंडच्या मुख्य राष्ट्रीय संघातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो २९ नोव्हेंबर १९७८ रोजी चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळला. आर्थरने डार्लिंग्टनकडून खेळायला सुरुवात केली, त्याला तेव्हा त्र्याण्णव वर्षे झाली होती.

२०१४ साली आर्थरचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. तो कुठे असावा? इंग्लंडचा राष्ट्रीय संघ जिथे सराव करतो, त्या सेंट जॉर्जेस पार्क या केंद्रात. ज्या संघाने त्याला एकदाही बोलावले नाही, त्याच संघाचे खेळाडू आता त्या केंद्रात ये-जा करतात. पुतळ्यातील आर्थर उडी घेऊन चेंडू अडवतो आहे.

मित्रांनो, पुतळा उभारला म्हणून आर्थरचे खाणीतील दिवस हलके झाले नाहीत. मेलेल्या माणसाला मानाचा उपयोग नसतो. तो उपयोग जिवंत माणसांना असतो. आज मैदानावर एखाद्या मुलाला त्याच्या रंगावरून, धर्मावरून किंवा भाषेवरून कोणी परके म्हटले, तर तो सांगू शकतो, की आम्ही इथे आज आलेलो नाही. आमच्यासारखा एकजण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी या गोलखांबांमध्ये उभा होता आणि धडका सोसत चेंडू अडवत होता.

तुमच्याही गावात, मोहल्ल्यात अशी माणसे असतील. कोणी एकेकाळी कुस्तीत नाव काढले असेल, कोणी हॉकी गाजवली असेल, कोणी मुलींसाठी पहिल्यांदा मैदान मिळवून दिले असेल. त्यांची नावे पुस्तकात नसतील. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ते जे सांगतील ते नाव, गाव आणि साल यांसह वहीत लिहून ठेवा. आर्थरच्या कबरीवर नाव यायला सहासष्ट वर्षे लागली, कारण ते वेळेवर कोणी लिहून ठेवले नव्हते.

स्वाध्याय

१. आर्थर व्हॉर्टनच्या काळातील गोलरक्षकाला कोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागे? आजच्या नियमांशी तुलना करून लिहा.

२. 'हौशी' आणि 'व्यावसायिक' खेळाडू यांतील फरक सांगा. आर्थरने व्यावसायिक होण्याचा घेतलेला निर्णय धाडसी का होता?

३. लोक आर्थरला का विसरले? पाठात दिलेली तीन कारणे स्वतःच्या शब्दांत लिहा. त्यांपैकी तुम्हांला कोणते कारण सर्वांत महत्त्वाचे वाटते?

४. 'पहिला' हा शब्द जपून वापरावा लागतो, असे लेखकाने का म्हटले आहे?

५. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या जुन्या खेळाडूची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा आणि दहा ओळी मराठीत लिहा.